टीव्ही आहेच, मग गेम खेळायला पीएस५ (सोनीचा गेम कन्सोल) घ्यावा की सुटे भाग आणून पीसी जोडावा?

प्रश्न: १०८०पी (फुल एचडी) वर खेळायचंय. एकूण खर्च कशात कमी?

उत्तर १: टीव्ही आहे तर पीएस५च. पण डिस्क ड्राइव्हवालाच घ्या. खेळून झालेली डिस्क विकता येते. पीसीवर स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम खात्यालाच बांधलेला असतो, तो विकता येत नाही.

उत्तर २: वर्गणीही धरा हो! पीएस५वर विकतचे गेम ऑनलाइन खेळायला पीएस प्लस (सोनीची वर्गणी) लागतं, फोर्टनाइटसारख्या फुकट गेमना नाही. पीसीला ही भानगडच नाही.

उत्तर ३: पीसी जोडलात तर आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्डाला ५५० वॉटचा पॉवर सप्लाय पुरतो, पण तो चांगल्या दर्जाचाच हवा. १६ जीबीची एकच रॅम नको, ८-८ च्या दोन घ्या. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी हा रॅमचा पर्याय चालू करा, नाहीतर रॅम कमी वेगाने चालते. आणि एचडीएमआय केबल ग्राफिक्स कार्डातच लावा. मदरबोर्डला (पीसीच्या मुख्य बोर्डाला) लावली तर गेम अडखळतात आणि दोष उगाच कार्डाला जातो.