तीन वर्षांची बी.एस्सी. : पुरी की अर्धी?

प्रेषक: मंजिरी
विषय: तीन वर्षांची बी.एस्सी.

नमस्कार मंडळी,

मे अखेरपर्यंत मी माहेरी आहे, गुहागरजवळ पालशेतला. घरात रेंज येत नाही, विहिरीच्या कट्ट्यावर बसून लिहितेय. तुटक वाटलं तर सांभाळून घ्या.

भाची रत्नागिरीला बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे परदेशात शिकायचं म्हणते. गेल्या गणपतीत मंडळाच्या जेवणावळीत आपल्यातल्याच एकांनी (नाव घेत नाही, ते ओळखतीलच) ऐकवलं होतं की आपली तीन वर्षांची पदवी तिकडे अर्धीच धरतात. मी मूर्खासारखी ते घरी फोनवर बोलून बसले. तेव्हापासून वहिनीने धसका घेतलाय. दादा म्हणतो एम.एस्सी. इथेच कर आणि मग जा. भाची म्हणते नव्या शैक्षणिक धोरणात चौथं वर्ष ऑनर्सचं आहे, ते घेते. आई म्हणते, आधी आंबे उतरवून घ्या, मग काय ते ठरवा.

त्यात शेजारचा मुलगा शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात बी.एफ.एस्सी. करतोय, त्याची चार वर्षांची. काल भाची मला विचारते, "आत्या, म्हणजे त्याची पुरी आणि माझी अर्धी?" मला उत्तर देता आलं नाही. कुणी देता का?

मंजिरी

—

प्रेषक: सुधीर, स्टुटगार्ट
विषय: उत्तर: तीन वर्षांची बी.एस्सी.

मंजिरीताई,

जर्मनीपुरतं सांगतो. इथली बॅचलर पदवी बहुतेक ठिकाणी तीनच वर्षांची आहे. पूर्वी इथे बॅचलर नावाची भानगडच नव्हती, थेट पाचेक वर्षांचा डिप्लोम असायचा. १९९९ साली इटलीतल्या बोलोन्यात २९ देशांनी करार केला, त्यातून बॅचलर, मास्टर, डॉक्टरेट अशी उतरंड आली. वर्षाला ६० क्रेडिट, म्हणजे तीन वर्षांचे १८०. त्यामुळे "तीनच वर्षं?" म्हणून इथे सरसकट कोणी नाक मुरडत नाही. बघतात ते विषय. केमिस्ट्रीच्या मास्टरला ऑरगॅनिक किती झालं, फिजिकल किती, प्रयोगशाळेचे तास किती, हे एकेक करून मोजतात, आणि प्रत्येक अभ्यासक्रमाची अट निराळी असते. तिने अभ्यासक्रमाची सविस्तर प्रत आत्ताच कॉलेजातून घेऊन ठेवावी. नुसत्या मार्कलिस्टवर भागत नाही.

इथल्या क्रेडिटची गंमत अशी की त्यात वर्गातले तास आणि घरचा अभ्यास दोन्ही धरतात. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांची मेहनत. आपल्याकडे तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. म्हणून तिचे १२० आणि इथले १८० शेजारी मांडून "साठ कमी पडले" म्हणू नका. माप वेगळं आहे. पायली आणि किलोसारखं समजा.

गुणांचं आधीच सांगून ठेवतो, नाहीतर वहिनी पुन्हा धसका घेतील. इथे १ सर्वात चांगला आणि ४ म्हणजे कसाबसा पास. बदलायचं सूत्र असं: कमाल गुणांतून मुलीचे गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांमधल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. समजा तिला दहापैकी ८.२ आहेत आणि पास व्हायला ४ लागतात. तर १.८ भागिले ६, गुणिले ३, अधिक १. उत्तर १.९. माझ्या आईने माझ्या वेळी "दहापैकी एक पॉइंट नऊ?" म्हणून देवापुढे साखर ठेवायची थांबवली होती.

आणि नोव्हेंबर २०२२पासून भारतातल्या विद्यार्थ्यांना व्हिसाच्या आधी ए.पी.एस.चं (शिक्षणाची कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन कचेरीचं) प्रमाणपत्र लागतं. त्याला वेळ लागतो. आंबे उतरवायच्या आधी तो अर्ज भरा.

सुधीर

—

प्रेषक: नितीन, न्यू जर्सी
विषय: उत्तर: तीन वर्षांची बी.एस्सी.

ते "अर्धी"वाले महाशय मीच. माफी मागतो, पण पूर्ण नाही.

अमेरिकेत पदवी चार वर्षांची, साधारण १२० क्रेडिटची. (आकडा पुन्हा १२०! सुधीरने सांगितलेलं माप इथेही लक्षात ठेवा. आमचा एक क्रेडिट ढोबळमानाने युरोपातल्या दोनाएवढा.) त्या चार वर्षांत इतिहास, लेखन, समाजशास्त्र असं सगळं करावं लागतं, मुख्य विषयाला जागा त्यामानाने थोडी. म्हणून तिसऱ्या वर्षाच्या आपल्या मुलीला रसायनशास्त्र इथल्या मुलापेक्षा कमी येतं असं अजिबात नाही. पण मोजणारा वर्षंच मोजतो.

सगळेच मात्र तसं करत नाहीत. डब्ल्यू.ई.एस. नावाची संस्था पदव्यांची तुलना करून देते. विद्यापीठाला नॅकची (आपल्याकडची विद्यापीठांचा दर्जा ठरवणारी संस्था) 'ए' किंवा वरची श्रेणी असेल आणि पहिला किंवा दुसरा वर्ग असेल, तर तीन वर्षांची पदवीही ती इथल्या बॅचलरएवढी धरते. तरी शेवटचा शब्द त्या त्या विद्यापीठाचा. काही घेतात, काही सरळ चार वर्षं मागतात. भाचीने एकेकाचं पान वाचावं, दुसरा इलाज नाही.

आता माझं रडगाणं. माझी मुंबई विद्यापीठाची तीन वर्षांची बी.एस्सी. नोकरीच्या एच-वन व्हिसाला अडचण आली नाही, कारण तिथे कॉलेजच्या एका वर्षाबद्दल कामाचा तीन वर्षांचा अनुभव धरता येतो. मी खूश. पुढे ग्रीनकार्डाची वेळ आली तेव्हा वकील म्हणाला, दुसऱ्या क्रमांकाच्या प्रवर्गात अनुभव जोडून पदवी पुरी करता येत नाही, ती एकच आणि अखंड लागते. अर्ज तिसऱ्या प्रवर्गात गेला आणि रांगेत किती वर्षं गेली ते बायकोला विचारा. पदवी तीच, कागद तोच. एका खिडकीवर पुरी, दुसऱ्या खिडकीवर अपुरी. त्या रागात गणपतीत बोललो असेन. आणि तेव्हा मोदक संपले होते, तोही राग होता.

नितीन

—

प्रेषक: अप्पा, दापोली
विषय: उत्तर: तीन वर्षांची बी.एस्सी.

सर्वांस स.न.वि.वि.

लेकाने मला या यादीत घातल्यापासून मी वाचतो फक्त. पण इथे राहवेना, अख्खी नोकरी प्राध्यापकीत गेली.

मंजिरी, मत्स्यची आणि आमच्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कृषी पदवी, दोन्ही चार वर्षांच्या, कारण त्या व्यावसायिक शिक्षणक्रमातल्या. म्हणजे आपल्या एका कोकणपट्टीत दोन लांबीच्या बॅचलर पदव्या सुखाने नांदतात. मग जगाकडून एकच लांबी कशाला मागायची?

नावाच्या पाटीवर तर मुळीच जाऊ नये. स्कॉटलंडच्या जुन्या विद्यापीठांत कला शाखेची पहिलीच पदवी एम.ए. म्हणवते, चार वर्षांची. ऑक्सफर्ड-केंब्रिजला बी.ए. झालेल्याला काही वर्षांनी परीक्षेविना एम.ए. मिळते. आपल्याकडे एम.डी. म्हणजे एम.बी.बी.एस.नंतरचं, अमेरिकेत डॉक्टर व्हायची पहिली पदवीच एम.डी. आमच्या तालुक्यातल्या मुर्डीचे परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. अजून इथे लोक मला विचारतात, रँग्लर ही बी.ए.च्या वरची का हो डिग्री? अरे, ती डिग्रीच नव्हे. गणिताच्या ट्रायपॉसमध्ये (तिथल्या पदवी परीक्षेत) पहिल्या वर्गात येणारे ते रँग्लर, त्यांतला अव्वल तो सीनियर. पदवी बी.ए.च. पण पाटीवर "बी.ए." लिहिलं असतं तर मुर्डीला कोणी ओळखलं असतं?

पदवीची पातळी सांगणाऱ्या आकड्यांचंही तेच. इंग्लंडात सातवी पातळी म्हणजे मास्टर, ऑस्ट्रेलियात सातवी म्हणजे बॅचलर. युरोपच्या चौकटीत बॅचलर सहावर. आपल्या नव्या राष्ट्रीय चौकटीत तीन वर्षांची पदवी साडेपाचवर आणि चार वर्षांची सहावर. नितीनराव, तुमचं "अर्धी" बहुधा इथून आलं असावं! तो साडेपाच आपल्याच शिडीवरचा आहे, दुसऱ्याच्या शिडीला टेकवू नये.

माझं मत विचाराल तर मुलीने चौथं वर्ष घ्यावं. अमेरिकेसाठी नव्हे, त्यात संशोधनाचा प्रकल्प घेता येतो म्हणून. नंतर एम.एस्सी. इथेच करावीशी वाटली तरी ती एका वर्षात होते.

अप्पा

—

प्रेषक: स्नेहा, लीड्स
विषय: उत्तर: तीन वर्षांची बी.एस्सी.

घाईत दोन ओळी. इंग्लंडातही पदवी तीन वर्षांची, त्यामुळे वर्षांवरून वाद नाही. इथली मास्टर एका वर्षाची, आणि ती भारतात चालत नाही अशी जुनी तक्रार होती. जुलै २०२२मध्ये दोन्ही सरकारांचा पदव्या मानण्याचा करार झाला, त्यात ती धरली आहे. डॉक्टरी, इंजिनिअरिंग, वकिली मात्र त्याबाहेर. आणि इथे ७० टक्के गुणांना फर्स्ट क्लास मिळतो, ९० क्वचितच कुणाला मिळतात, तेव्हा भाचीला इथल्या गुणपत्रिका बघून रडू नको म्हणावं.

स्नेहा

—

प्रेषक: मंजिरी
विषय: उत्तर: तीन वर्षांची बी.एस्सी.

सगळ्यांची पत्रं कट्ट्यावर मोठ्याने वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या काकूंनीही ऐकली. त्यांचा प्रश्न, "म्हणजे पोरीची पदवी पास की नापास?"

भाचीने ठरवलंय ते असं. चौथ्या वर्षाला नाव घालायचं, आणि त्याच वेळी जर्मनीतल्या तीन ठिकाणचे अर्ज तीन वर्षांच्या पदवीवर भरून बघायचे. मिळालं तर चौथं वर्ष सोडायचं. अमेरिका सध्या नाही. नितीन, तुमची ग्रीनकार्डाची गोष्ट ऐकून दादाच नको म्हणाला. वहिनीला १.९चं गणित तिने वहीवर दोनदा करून दाखवलं. वहिनी आता विचारते, १ का नाही पडले.

अप्पा, तुमच्याशी तिला प्रत्यक्ष बोलायचंय. दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरा, मी तिला स्कूटर घेऊन जेट्टीवर पाठवते. तो साडेपाच-सहाचा कागद बरोबर आणा. परत जाताना पेटी देते, पण पायरी आंब्यांची. हापूस आईने मोजून ठेवलेत.

मंजिरी