अडुळशाचं औषध घरी केलं तर खराब का होतंय?

गड्ड्याजवळची: नमस्कार, गड्डा यात्रा तोंडावर आली की आमच्याकडं खोकला सुरू होतोच, दिवसा ऊन आणि पहाटे गारठा, वर धूळ. मोठी मुलगी 5 वर्षांची आहे, रात्रभर खोकायली आहे. धाकटा 9 महिन्यांचा, त्याचं पण नाक वाहायलंय. मागच्या वर्षी मी अडुळशाची पानं उकळून त्या पाण्यात मध घालून बाटली भरून ठेवली होती, आठ दिवसात फेस आला आन् आंबूस वास, सगळं ओतून दिलं. काय चुकलं? आणि सासूबाई म्हणतात ज्येष्ठमध पण घाल, किती घालू?

लक्ष्मी मंडईवाली काकू: अगं पाण्यामुळं बिघडलं ते. नुसता मध टिकतो कारण त्यात पाणी कमी असतं, काढ्यात मिसळला की पातळ होतो आणि आंबतो. उकळू नकोच पानं. 8-10 पानं धुऊन मोदकपात्रात दहा मिनिटं वाफव, गरम असतानाच खलबत्त्यात कुटून फडक्यातून पिळ, कच्च्या पानाला रस सुटतच नाही नीट. मुलीला अर्धा चमचा रस, तेवढाच मध, पिंपळीची पूड अगदी चिमूटभर. रोजचं रोज करायचं. साठवायचंच असेल तर आलेपाकाच्या वड्या कर, साखरेचा पाक पक्का झाला की कोरड्या डब्यात महिनाभर राहतात. पानं घेताना पांढरी फुलं बघून खात्री कर, कुंपणाला काहीही उगवलेलं असतं.

जुळे सोलापूर: ताई, धाकट्याला मध अजिबात नको!! वर्षाच्या आत बोटाला लावून चाटवायचा पण नाही. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना त्रास नाही पण बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात, अंग ढिलं पडतं, आणि घरच्या उकळण्यानं ते मरत नाहीत. माझ्या बहिणीच्या बाळाला गुटी मधात उगाळून द्यायचे, डॉक्टरांनी सांगितल्यावर बंद केली. कापूर पण त्याच्या जवळ आणू नका, लहान बाळाला झटके येऊ शकतात. त्याला मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब आणि अंगावर जास्त वेळा पाजणं, बास. झोपलेला असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, 50 किंवा जास्त असले किंवा बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असली तर घरगुती काही न करता लगेच दवाखान्यात.

लक्ष्मी मंडईवाली काकू: हे बरं सांगितलंस बाळा, आमच्या वेळी मधच द्यायचे की सगळ्यांना.

कोष्ट्याचा पोरगा: ज्येष्ठमधाबद्दल, सासूबाईंना बीपी असेल तर त्यांनी रोज घेऊ नये, त्यानं बीपी वाढतो. आमच्या आईचा असाच वाढला होता, आम्हाला वाटलं थंडीमुळं. मुलीला एक छोटा तुकडा चघळायला पुरे. आणि घरात कोण गरोदर असेल तर अडुळसा नको.

गड्ड्याजवळची: सासूबाईंना बीपीची गोळी चालू आहे ओ!! त्या महिनाभर ज्येष्ठमधाचा चहा पितायत. आत्ताच डबा उचलून ठेवला. धाकट्याचे श्वास मोजले, 38 आले, दूध पण पितोय. मोदकपात्र काढलंय, पानं शेजारच्या काकूंकडून आणते.