इशापूरची जुनी रायफल कापून शिकारीची करावी का?

लँकेस्टरकर

नमस्कार मंडळी. पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर काउंटीत राहतो. शेजारच्या शेतावरचे डेअरीवाले आजोबा उन्हाळ्यात गेले. घर आवरताना त्यांच्या बायकोने मला बोलावलं आणि गोधडीत गुंडाळलेली एक रायफल हातात दिली. म्हणाली, "इंडियाची आहे, तूच घेऊन जा."

दस्त्याच्या गळ्याशी जी लोखंडी पट्टी असते, तिच्या उजव्या अंगावर अशोकस्तंभाचे सिंह, आरएफआय (रायफल फॅक्टरी इशापूर), 'रायफल ७.६२ एमएम २ए१' आणि साल १९६७. आमचे मामा देहूरोडच्या डेपोत होते, त्यामुळे ते सिंह बघून जरा पोटात कालवलं, नाही असं नाही.

मी तीन-चार वर्षांपासून इथे हरणाच्या शिकारीला जातो, पण मित्राची रायफल मागून. म्हटलं, आता स्वतःची झाली. पण हे धूड आहे साधारण साडेचार किलोचं, नाकापर्यंत लाकूड, पुढे संगीन अडकवायचा बोजड लोखंडी तुकडा. क्लबातला एक जण म्हणतो, नळी २० इंचांवर आणू, वरचं लाकूड काढून टाकू, पुढचा दस्ता निमुळता करू, रिसीव्हरला (बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी सांगाड्याला) छिद्रं पाडून स्कोप (दुर्बीण) बसवू. पैसेही फार मागत नाहीये. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सीझन उघडतो, म्हणून घाई.

करू का? आणि यात .३०८ च्या (शिकारीच्या काडतुसाच्या) दुकानातल्या गोळ्या चालतात का? एकाला विचारलं तर हो म्हणतो, दुसऱ्याला विचारलं तर नळी फुटेल म्हणतो.

लेथवाला काका

करवत खाली ठेव आधी.

मी चिंचवडला टूलरूममध्ये होतो, आता ओहायोत मुलीकडे असतो आणि तळघरात जुन्या ली-एनफिल्ड (इंग्रज सैन्याच्या रायफली) दुरुस्त करत बसतो. तुझ्या हातात आहे ती साधी .३०३ बोअरची नव्हे. १९६२ च्या चीन युद्धानंतर सैन्याला ७.६२ ची रायफल लवकर हवी होती, तेव्हा इशापूरने जुन्याच ढाच्यात जास्त चांगलं पोलाद वापरून ही काढली. पहिल्या २ए ला मागची साइट २००० मीटरची होती. २ए१ ला ती ८०० मीटरची केली. मॅगझिन जरा चौकोनी दिसतं ते त्याच काडतुसासाठी.

आता एक काम कर. बोल्टच्या (मागेपुढे सरकून गोळी आत बंद करणाऱ्या दांड्याच्या) मुठीच्या मागे नंबर आहे, तो रिसीव्हरवरच्या नंबराशी जुळतो का बघ. पुढच्या लोखंडी टोपीवरही नंबर असतो. सगळे जुळले आणि लाकूड मूळचं असेल, तर ती कापणं म्हणजे पैसे देऊन किंमत घालवणं. सरप्लस रायफली कापायची पद्धत पडली १९५०-६० च्या सुमारास, तेव्हा त्या कवडीमोलाने पिंपात भरून विकायचे आणि नवी शिकारी रायफल महाग असायची. तेव्हा ते शहाणपणाचं होतं. आज सॅवेज अॅक्सिस किंवा रुगर अमेरिकन स्कोपसकट येते आणि वजनाला निम्म्यावर नाही तरी बरीच हलकी असते. तुझ्या क्लबवाल्याची मजुरी, माउंट (स्कोपची बैठक), स्कोप, ब्लूइंग (लोखंडाला निळसर लेप) धरलंस तर तेवढेच पैसे जातील, आणि हातात उरेल मागे लॉक होणारा बोल्ट आणि ना धड तळ्यात ना मळ्यात असा प्रकार.

आणि त्या पुढच्या लाकडाला नुसती शोभा समजू नकोस. या रायफलीत नळीला पुढच्या टोपीजवळ खालून एक स्प्रिंगवर बसलेला खुंट रेटत असतो. मधे एक छोटा बँड आणि त्याचा स्क्रू असतो. लाकूड अर्ध्यात छाटलं की तो दाब गेला, आणि गोळ्या भलत्याच जागी पडायला लागतात. मग लोक म्हणतात एनफिल्ड कुचकामी. कापणाऱ्याने पुन्हा नीट बेडिंग केलं (नळी लाकडात बसवली) तर जमतंही, पण स्वस्तात काम करणारा ते करत नाही, हे माझं अनुभवाचं मत.

आणखी एक, हे वाचून कोणी स्क्रूड्रायव्हर उचलला तर: मागचा दस्ता काढायचा असेल तर आधी पुढचं लाकूड काढायचं. मागच्या दस्त्यातून जाणाऱ्या लांब बोल्टचं (हा गोळी बंद करणारा बोल्ट नव्हे) चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पत्र्यात बसलेलं असतं. तो बोल्ट तसाच फिरवलास की पुढचं लाकूड उभं चिरतं. मॅगझिनच्या पुढे लाकडातून आडवा गेलेला एक स्क्रू दिसेल, तो इशापूरने लाकूड फुटू नये म्हणूनच घातलाय, त्याला हात लावू नकोस.

गोळ्यांचं: ७.६२ नाटो आणि .३०८ बाहेरून सारखी, पण चेंबरची (नळीतल्या काडतुसाच्या घराची) मापं आणि दाब वेगळे. नाटोचं चेंबर जरा लांब असतं. त्यामुळे आधी हेडस्पेस (बंद बोल्टच्या तोंडापासून चेंबरमध्ये काडतूस टेकतं तिथपर्यंतचं अंतर) तपासून घे, गनस्मिथकडे गेज असतो. नळी फुटेल ही अफवा, पण कारखान्याचे जोरदार .३०८ तिला रोज खाऊ घालण्यात अर्थ नाही. लग (बोल्टला अडकवून धरणारे दात) मागे असल्यामुळे रिसीव्हर ताणतो आणि रिकाम्या केसही ताणलेल्या निघतात. तुमच्या रानात ऐंशी-शंभर यार्डांच्या पुढे कुठे नेम धरायचाय? १५० ग्रेन वजनाची सॉफ्ट पॉइंट (मऊ टोकाची), सौम्य लोड, बास. सैन्याच्या फुल मेटल जॅकेट (पूर्ण धातूच्या आवरणाच्या) गोळ्या हरणाला पेनसिल्व्हेनियात चालत नाहीत, फुलणारी गोळीच लागते. एवढं तुला हंटर एज्युकेशनच्या वर्गात सांगितलं असेलच.

कोल्हापुरी_बार

गंमत अशी की आपल्या देशाने हेच काम केव्हाच करून ठेवलंय. इंग्रजांनी सैन्याच्या बोअरची रायफल खासगी माणसाला बंद केली, म्हणून ली-एनफिल्डच्याच धाटणीची .३१५ स्पोर्टिंग रायफल निघाली. आमच्या चुलत्यांच्या नावावर पीक-संरक्षणाच्या परवान्यावर एक आहे. गावी डुकरं उसात घुसतात, पण ती उचलायची वेळ क्वचितच, परवानगीचं वेगळं लचांड. शिकार तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून आटोपलीच. तुम्ही तिकडे २ए१ घेऊन रानात जाताय, ती इथे साधा माणूस घरात ठेवूच शकत नाही. जरा जपा राव.

सिएटलची_सई

शिकारीतलं मला काही कळत नाही, कायद्याचं कळतं. हे वाचणारे एच-१बी वरचे कोणी असतील तर सांभाळून. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे. चालू हंटिंग लायसन्स असेल तर सूट मिळते, ते संपलं की सूटही संपली. लँकेस्टरकर, तुम्ही नागरिक असाल तर प्रश्न नाही.

दादा_फ्रॉम_डॅलस

मी उलट बाजूचा. रायफल हत्यार आहे, देव्हाऱ्यातली मूर्ती नाही. म्हातारबांनी गोधडीत ठेवली, तू कपाटात ठेवणार, मग ती उडवायची कोणी? मात्र काकांशी एका गोष्टीत सहमत: कापायचीच हौस असेल तर आधीच कापलेली घे. गिब्ज या अमेरिकी कंपनीने याच २ए१ आखूड करून 'जंगल कार्बाइन' म्हणून विकल्या होत्या, जुन्या बाजारात अजून सापडतात. तिच्यावर प्रयोग कर, कोणाचं काही जात नाही.

आणि मूळ रायफल तशीच रानात ने की! साध्या साइटवर, झाडीत, पन्नास यार्डांवर. माशीच्या (पुढच्या साइटच्या) दोन बाजूंना जे कान आहेत ते फांद्यांसाठीच आहेत.

लेथवाला काका

दादा, टाळी द्या. कलेक्टर लोकांचा अजून एक मुद्दा आहे: ५० वर्षांवरच्या मूळ स्थितीतल्या रायफलीला क्युरिओ (जुनी संग्राह्य वस्तू) म्हणून वेगळा दर्जा असतो, छाटली की तो जातो. साध्या मालकाला त्याने रोज काही फरक पडत नाही, विकताना पडतो.

लँकेस्टरकर

काल रात्री टेबलावर वर्तमानपत्र अंथरून बसलो. बोल्ट, रिसीव्हर, पुढची टोपी, तिन्ही नंबर एकच! मुठीच्या खाचेत ग्रीस इतकं घट्ट होतं की दातकोरणीने काढावं लागलं. बायको म्हणाली, "आता दस्त्याला तेल लावून झालं की माझ्या पोळपाटालाही लाव."

क्लबवाल्याला नाही म्हणून कळवलं. तो थोडा नाराज झाला, होऊ दे. यंदा रुगरच घेतो, आणि ही बिनस्कोपची एखाद-दोन सकाळी सोबत नेईन, आजोबांच्याच बांधावर, आजींनी परवानगी दिलीय.

आता फक्त हेडस्पेसचं राहिलं. लँकेस्टर-हॅरिसबर्ग पट्ट्यात ७.६२ नाटोचा गेज असलेला, आणि एनफिल्ड उघडताना पुढचं लाकूड आधी काढणारा गनस्मिथ कोणाला माहीत आहे का?