मदत हवी आहे: बाइकच्या चेनला कोणतं ल्यूब (वंगण) मारू? दोन दिवसांत पुन्हा करकर

मेहरूणकर:
चेन वाजते. ल्यूब मारलं की दोन दिवस गप्प, मग पुन्हा करकर सुरू. दोन वेगवेगळे स्प्रे मारून झाले, मिस्त्रीनं एकदा ग्रीस थापलं, फरक शून्य. रोज जळगाव-एरंडोल येणंजाणं आहे, तेही उन्हात. फक्त ल्यूबचं नाव सांगा, आज संध्याकाळी घ्यायचं आहे. "गाडी विकून टाक" वगैरे नको.

लळिंग:
गाडी कोणती शे ते त सांग भाऊ. चेन उघडी की डब्यातली? किलोमीटर किती? चेन साफ कशानं करतोस?

पान्हा१२:
९० नंबर गिअर ऑइल. विषय संपला.
मेडिकलमधून १० मिलीची सिरिंज आणा, सुई फेकून द्या. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रल, इंजिन बंद. खालून जाणाऱ्या चेनच्या आतल्या अंगाला, म्हणजे जी बाजू दात्यांवर बसते तिकडून, प्रत्येक रोलरच्या दोन्ही कडांना एकेक थेंब. चाक फिरलं की ऑइल बाहेर फेकलं जातं. आतून लावलेलं पात्यांमधून (कडीच्या बाजूच्या पट्ट्यांमधून) झिरपत बाहेर येतं, बाहेरून लावलेलं सरळ रिमवर जातं. ११८ कड्या धरल्या तर १०-१२ मिली पुरे. दहा मिनिटांनी बाहेरच्या पात्या कोरड्या फडक्यानं पुसा. पुसायचं राहिलं तर मग लोक ऑइलला शिव्या घालतात.

तापीकाठ:
भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात ९० नंबर? ४५ अंशात ते पातळ होतं. ओल्या चेनवर काळ्या मातीचा फुफाटा बसला की चेनला पॉलिश पेपर लावल्यासारखंच. त्यात जिनिंगसमोरून जाणं असेल तर कापसाचे तंतू वेगळे चिकटतात. मेणाचा स्प्रे घ्या. तो वाळतो आणि धूळ धरत नाही.

पान्हा१२:
ऑइल टायरवर येतं कारण लोक थेंब न मोजता ओततात. आणि तुमचा मेणाचा स्प्रे जुलैच्या पहिल्या चिखलात धुऊन जातो. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये SAE 90 छापलेलं असतं, गॅरेजवाले त्यालाच ९० नंबर म्हणतात. कंपनीवाले वेडे आहेत का?

केळीवाला_रावेर:
एवढा खर्च कशाला? सर्व्हिसिंगचं जळकं ऑइल बाटलीत भरून ठेवा, फुकटात काम.

लळिंग:
जळक्या ऑइलमध्ये काजळी आणि धातूचा कीस असतो नाना. बागेतल्या जुन्या पंपाच्या चेनला चालवून घ्या, गाडीला नको.

केळीवाला_रावेर:
पंपाला पट्टा असतो, चेन नाही.

मेहरूणकर:
भांडण नंतर. गाडी १५० सीसीची, चेन उघडी, २४ हजार किमी. चेन पहिल्यापासूनची. साफ दर रविवारी करतो, पेट्रोल आणि तारेचा ब्रश. चकाचक निघते. मग पाण्यानं धुऊन लगेच स्प्रे आणि निघतो. आता नाव सांगा.

लळिंग:
सापडलं. नाव राहू द्या, आधी चेनकडे बघा. आतली पाती आणि बाहेरची पाती यांच्या फटीत काळी रबरी रिंग दिसते का?

मेहरूणकर:
दिसते. काही कड्यांना दिसते, काहींना नाही. काही ठिकाणी तुटके तुकडे आहेत. त्या फटीतून लालसर भुकटी येते.

लळिंग:
मग ऐका. तुमची चेन ओ-रिंगवाली आहे. तिच्या पिन आणि बुशमध्ये (पिनवरच्या नळीमध्ये) कारखान्यातच ग्रीस भरून दोन्हीकडून रबरी रिंगनं कोंडलेलं असतं. बाहेरून मारलेलं ल्यूब तिथे पोचतच नाही, पोचायची गरजही नाही. ते फक्त तीन कामांसाठी: रोलर आणि दाते कोरडे घासू नयेत, रिंग सुकून तडकू नये, पात्या गंजू नयेत.
पेट्रोलनं रबर फुगतं आणि कडक होतं. तारेच्या ब्रशनं रिंग कापली जाते. एकदा रिंग गेली की आतलं ग्रीस बाहेर, पाणी आणि माती आत. लाल भुकटी म्हणजे पिन गंजलीय. तशी कडी अडकते आणि दात्यावर येताना आवाज करते. तुमचे दोन दिवस शांत जातात ते स्प्रेतला पातळ भाग गंजात मुरतो म्हणून. तो उडाला की पुन्हा करकर.

तापीकाठ:
धुऊन ओल्या चेनवर स्प्रे मारला तर पाणी खाली अडकतं, ल्यूब वर तरंगतं. हेही चुकतंय. आणि स्प्रे मारून लगेच निघालं की अर्धा मडगार्डवर. गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असते, तेव्हा मारायचा आणि रात्रभर सोडायचा. सकाळी निघायच्या आधी नव्हे, रात्री.

पान्हा१२:
इथपर्यंत सहमत. ऑइललाही हेच लागू.

लळिंग:
आता दोन मापं घ्या.
एक, खालच्या चेनच्या मधोमध बोटानं वर-खाली हलवून खेळ मोजा. चाक थोडं थोडं फिरवत चार-पाच ठिकाणी.
दोन, चेन ताणून धरा आणि एका पिनच्या मध्यापासून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत पट्टी लावा, म्हणजे २० कड्या. ४२८ नंबरच्या चेनमध्ये एक पिच (दोन पिनांमधलं अंतर) १२.७ मिमी, म्हणून नवी चेन २५४ मिमी भरते. २५९ म्हणजे २ टक्के वाढली, ती बदलायचीच.
आणि पुढच्या स्पॉकेटचं (चेन फिरवणाऱ्या दातेरी चकतीचं) कव्हर उघडा. मिस्त्रीनं थापलेलं ग्रीस तिथेच साचलेलं असणार.

गिरणाकाठी:
टकटक आवाज असेल तर मागच्या हबमधले (चाकाच्या मधल्या भागातले) झटके झेलणारे डॅम्पर रबर बघा. लोक चेन बदलतात आणि दोष रबराचा निघतो. चाक घट्ट धरून मागचं स्पॉकेट पुढे-मागे हलवा. चांगलाच खेळ जाणवला तर रबर संपलं.

मेहरूणकर:
टकटक नाही, करकर लिहिलंय.
मापं: खेळ एका जागी १२ मिमी, दुसरीकडे ३८. वीस कड्या एका ठिकाणी २५७, दुसऱ्या ठिकाणी २६१. पुढच्या कव्हरमध्ये मूठभर काळा लगदा निघाला, डांबरासारखा. मागच्या स्पॉकेटचे दाते एका बाजूला वाकल्यासारखे, शार्कच्या पंखासारखे. बरं, ल्यूब?

लळिंग:
ल्यूब नाही, किट. चेन आणि दोन्ही स्पॉकेट एकत्र. नुसती चेन टाकली तर वाकलेले दाते तिला लवकरच खातील.
खेळात १२ आणि ३८ चा फरक म्हणजे चेन असमान वाढलीय. ३८ ची जागा बघून ताणली तर १२ ची जागा फार घट्ट होऊन बेअरिंगवर ताण येतो. तेवढ्यापुरतं चालवायचं असेल तर सर्वांत घट्ट जागी मॅन्युअलमधला आकडा ठेवा, बाकी सैल राहू द्या. आकडा बहुतेक २० ते ३५ च्या दरम्यान असतो, पण चेनगार्डवरचा स्टिकर खरा.

पान्हा१२:
नव्या चेनवर आलेलं कारखान्याचं ग्रीस रॉकेलनं धुऊ नका, पहिले काही दिवस तेच काम करतं. नंतर साफसफाई मऊ नायलॉन ब्रश आणि रॉकेल. रेशनवर आता रॉकेल मिळत नाही म्हणा, मग डिझेल. पण डिझेलचा तेलकट थर राहतो, फडक्यानं दोनदा पुसा. दर ५०० किमीला ९० नंबर.

तापीकाठ:
धुळीत स्प्रे. पावसात ३०० किमीला. स्प्रे मारताना मागच्या टायरला पुठ्ठा लावा, डिस्क असेल तर डिस्कलाही. तुमच्या गाडीला मागे ४३ दाते आणि ११८ कड्या असतील तर पूर्ण चेन एकदा फिरायला चाकाचे पावणेतीन फेरे लागतात. लोक एका फेऱ्यात थांबतात आणि दोन-तृतीयांश चेन कोरडी राहते.

पान्हा१२:
गिअर ऑइल GL-4 दर्जाचं की GL-5 विचारणाऱ्यांसाठी: GL-5 मधला गंधक पितळाला त्रास देतो, चेनमध्ये पितळ नाही. कोणतंही चालेल.

गिरणाकाठी:
कोणी विचारलं?

मेहरूणकर:
किट उद्या टाकतो. चेनची टोकं जोडणाऱ्या लॉकची क्लिप कुठल्या तोंडानं बसवायची? मागच्या वेळी मिस्त्री म्हणाला कशीही.

लळिंग:
कशीही नाही. क्लिपचं बंद टोक चेनच्या चालण्याच्या दिशेला. उघडं टोक पुढे राहिलं तर दगडाच्या एका ठोक्यात निसटते. लॉकबरोबर चार छोट्या रिंग येतात, त्या विसरू नका. ॲक्सल नट कसताना मागच्या स्पॉकेट आणि चेनमध्ये फडकं अडकवून चाक मागे फिरवा, म्हणजे चाक पुढच्या बाजूला घट्ट बसतं आणि चाकाच्या जागेची खूण हलत नाही. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या हव्यात. ड्रम ब्रेक असेल तर शेवटी ब्रेकचा रॉड पुन्हा सेट करा, चाक मागे सरकल्यानं त्याचा खेळ बदलतो.
आणि इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चेन पुसू नका. बोट दात्यात जातं.

केळीवाला_रावेर:
मुलीच्या स्कूटरचा पट्टा पण कुरकुरतो. त्याला हा मेणाचा स्प्रे चालेल का?

तापीकाठ:
अजिबात नाही नाना. पट्टा घसरेल.