छापखान्याचं पत्र मी स्वतः वाचलेलं नाही, मग संदर्भ कोणाचा देऊ?

फोंड्याची_बाय:
नमस्कार, एमए मराठीचं डिझर्टेशन चाललंय, विषय गोव्यातलं सुरुवातीचं मुद्रण. गाइडनी दुसरं प्रकरण परत पाठवलं, मार्जिनमध्ये तांबड्या पेनाने आठ ठिकाणी नुसतं 'कुठून?' 'कुठून?'. आता बघा, १५५६ साली जो छापखाना गोव्यात उतरला तो खरं तर अबिसिनियाला (आताचं इथिओपिया) जायचा होता, हे मी अ. का. प्रियोळकरांच्या 'द प्रिंटिंग प्रेस इन इंडिया'मधनं घेतलं आणि त्यांनी तिथे जेझुइटांच्या (ख्रिस्ती मिशनरी पाद्र्यांच्या) पत्राचा उतारा दिलाय. मी तळटीपेत सरळ पत्रच टाकलं, म्हटलं मूळ साधन तेच, भारदस्त पण दिसतं. गाइड म्हणतात हे खोटं आहे. खोटं कसं, पत्र तर आहेच की! आणि शेवटी सूचीत पुस्तक दिलंय मग मध्ये मध्ये परत कशाला?

पाटोचा_वाचक:
अगो बाय, पत्र आहे, पण तू पाहिलंस का ते? प्रियोळकरांनी वाचलं, हवा तेवढा भाग निवडला, इंग्रजीत दिला, आणि तू त्यांच्यावर विसंबलीस. तेच लिही की: 'जेझुइट पत्र, उद्धृत, प्रियोळकर १९५८', पुढे पान. सूचीत फक्त प्रियोळकर, पत्र नको. मी पण हा शहाणपणा केलाय. गोव्यातल्या १९६७च्या जनमत कौलावर लिहिताना एका प्रबंधातनं पेपरची तारीख उचलली, व्हायव्हात विचारलं पान कितवं, मी गप्प. नंतर सेंट्रल लायब्ररीत बसून जुनी फाइल उघडली, धुळीने शिंका देत देत, तर त्या अंकात ती बातमीच नव्हती. ज्याच्यावरून उचललं त्याने पण बहुतेक कुणाचं तरी उचललं असणार.

कुंकळ्ळीकर_७७:
एवढं टेन्शन कशाला, दुसऱ्याच्या मजकुराशी साम्य १०% पर्यंत चालतं. चारदोन शब्द फिरवा आणि साम्य तपासायच्या सॉफ्टवेअरमधनं काढा, झालं.

लायब्ररीतली_ताई:
@कुंकळ्ळीकर, दहा टक्के म्हणजे रेशनचा कोटा नव्हे हो. यूजीसीच्या २०१८च्या नियमात १०% पर्यंत साम्याला दंड नाही एवढंच, आणि ते मोजताना नीट संदर्भ दिलेली अवतरणं, संदर्भसूची हे आधी वगळतात. १० ते ४० मध्ये गेलात तर सहा महिन्यांत सुधारून परत द्या, ६०च्या वर नोंदणीच रद्द. पण शब्द फिरवून आकडा खाली आणला तरी मुद्दा प्रियोळकरांचाच राहतो ना, मशीनला कळो न कळो.
@बाय, सूचीने एवढंच कळतं की तू काय काय वाचलंस, कुठलं वाक्य कुठल्या पानावरचं ते कळत नाही. गाइडना तेच हवंय. झोटेरो म्हणून संदर्भ लावून देणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते वापर, फक्त आडनावाच्या रकान्यात आडनावच भर, नाहीतर सूचीत 'का., प्रियोळकर अ.' असं काहीतरी छापून येतं, दर वर्षी बघते मी.

फोंड्याची_बाय:
मग १५५६ ह्या सालाला पण तळटीप?

लायब्ररीतली_ताई:
नुसत्या सालाला नको, मुद्रणावरच्या कुठल्याही पुस्तकात सापडतं ते. अबिसिनियाच्या भानगडीला मात्र हवी.

फोंड्याची_बाय:
बरं. पत्र सूचीतनं उडवलं. पण घोळ असा की मी झेरॉक्स काढलेला, त्यात पानांचे नंबर कापले गेलेत, आठातल्या पाच ठिकाणी नंबरच नाही 😭 उद्या परत पाटोला, सेंट्रल लायब्ररीत. देव बरें करूं सगळ्यांचें.

पाटोचा_वाचक:
जातेसच तर शीर्षकपानाचा आणि त्याच्या मागच्या बाजूचा पण फोटो काढ. आवृत्ती, साल, प्रकाशक तिथे असतं, नाहीतर त्यासाठी तिसरी फेरी.