मदत हवी आहे : 'डिप्लोमसी'च्या डावात रशियाशी केलेली युती केव्हा मोडावी?

नमस्कार. आमच्या पुण्यातील कार्यालयातले आम्ही सात जण सध्या 'बॅकस्टॅबर' या संकेतस्थळावर 'डिप्लोमसी' खेळत आहोत. डाव अशा टप्प्यावर आला आहे की पुढचे हुकूम देण्यापूर्वी हा खेळ मनापासून खेळलेल्या सभासदांचा सल्ला घ्यावा असे वाटले. बाहेरचा सल्ला घ्यायला आमच्या नियमांत मनाई नाही, हे मी सुरुवातीलाच विचारून घेतले होते.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतील ॲलन कॅल्हॅमर यांनी १९५४ मध्ये हा खेळ रचला आणि १९५९ मध्ये त्याच्या ५०० प्रती स्वतःच छापून घेतल्या. पटावर १९०१ सालचा युरोप असतो आणि इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया व तुर्कस्तान या सात सत्ता असतात. पटावरच्या काही प्रांतांत केंद्रे असतात आणि ज्याच्याकडे जितकी केंद्रे तितक्याच तुकड्या (जमिनीवरच्या फौजा किंवा समुद्रातली आरमारे) त्याला ठेवता येतात. एकूण केंद्रे ३४ असून जो १८ केंद्रे ताब्यात घेईल तो एकटा जिंकतो. डावातल्या प्रत्येक वर्षात वसंत व शरद अशा चालींच्या दोन पाळ्या असतात, आणि हिवाळ्यात केंद्रांच्या हिशोबाने तुकड्या उभारतात किंवा काढतात. यात फासे नाहीत आणि पत्तेही नाहीत. सगळ्यांचे हुकूम एकाच वेळी उघडतात, प्रत्येक तुकडीचे बळ सारखेच असते, आणि दुसऱ्या तुकडीचा सपोर्ट (म्हणजे तिने स्वतः न हलता दिलेले बळ) असल्याशिवाय कोणालाही त्याच्या जागेवरून हटवता येत नाही. त्यामुळे एकट्याच्या बळावर फार पुढे जाता येत नाही. कोणाशी तरी बोलणी करावीच लागतात आणि ती पाळण्याचे बंधन मात्र कोणावरच नसते.

चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा माझ्या वाट्याला तुर्कस्तान आला आणि आमच्या विभागप्रमुख मॅडमच्या वाट्याला रशिया. पहिल्या वसंतातच आम्ही दोघींनी युती केली. काळ्या समुद्रात कोणीही आरमार आणायचे नाही, बाल्कनमधील रुमानिया त्यांचा आणि बल्गेरिया, ग्रीस व सर्बिया माझे, असे ठरले. आजवर दोघींनीही शब्द तंतोतंत पाळला आहे. ऑस्ट्रिया १९०४ मध्ये डावातून बाद झाला. १९०५ च्या शरद ऋतूनंतरची स्थिती अशी आहे :

तुर्कस्तान (मी) ८ : कॉन्स्टँटिनोपल, अंकारा, स्मर्ना, बल्गेरिया, ग्रीस, सर्बिया, ट्रिएस्ट, नेपल्स.
रशिया ८ : मॉस्को, वॉर्सा, सेवास्तोपोल, सेंट पीटर्सबर्ग, रुमानिया, बुडापेस्ट, व्हिएन्ना, स्वीडन.
फ्रान्स ६, इंग्लंड ५ (नॉर्वे व डेन्मार्क धरून), जर्मनी ४ (बर्लिन, कील, म्युनिक, हॉलंड), इटली ३ (रोम, व्हेनिस, ट्युनिस).

माझ्या फौजा ट्रिएस्ट, सर्बिया व बल्गेरियात आहेत, आणि आरमारे नेपल्स, आयोनियन, एड्रियाटिक व एजियन समुद्रात. नेपल्स नुकतेच हाती आल्यामुळे या हिवाळ्यात मला एक नवी तुकडी उभारता येईल. रशियाच्या फौजा व्हिएन्ना, बुडापेस्ट, रुमानिया, वॉर्सा, सायलेशिया व सेंट पीटर्सबर्ग येथे आहेत. त्यांचे एक आरमार स्वीडनमध्ये आहे आणि एक सेवास्तोपोलमध्ये सुरुवातीपासून तसेच उभे आहे. इटलीच्या फौजा रोम व व्हेनिसमध्ये असून आरमार ट्युनिसला आहे.

माझी अडचण दुहेरी आहे. पहिली पटावरची. फ्रान्स खेळणारे आमच्या लेखा विभागातील सहकारी दररोज संदेश पाठवून सांगतात की रशिया आता थांबणार नाही, तेव्हा मी आत्ताच उलटावे आणि ते जर्मनीच्या बाजूने रशियाला रोखून धरतील. इटली खेळणारी माझी मैत्रीण म्हणते की तिला जिवंत ठेवले तर ती माझ्या सांगण्याप्रमाणे हुकूम देईल. मॅडमचा प्रस्ताव असा आहे की आम्ही दोघींनी शेवटपर्यंत एकत्र राहावे आणि डाव बरोबरीत सोडवावा. मूळ नियमांप्रमाणे बरोबरी झाली की डावात उरलेले सगळे ती सारखीच वाटून घेतात, त्यामुळे त्यासाठी आधी बाकी चौघांना बाद करावे लागेल.

मला मात्र हा डाव जिंकायचा आहे. बरोबरी वाईट असते असे मी म्हणत नाही, पण १८ केंद्रांपर्यंत पोहोचण्याची वाट दिसत असताना ती सोडून देणे मला या खेळाशी प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

दुसरी अडचण पटाबाहेरची आहे आणि ती मला जास्त छळते. ज्यांच्याशी युती आहे त्यांच्याच हाताखाली मी काम करते. डावात त्यांच्या पाठीत खंजीर खुपसल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यासमोर बसून महिन्याचा आढावा द्यायचा आहे. त्या मनाने मोठ्या आहेत आणि सूड उगवतील असे मला मुळीच वाटत नाही. तरीही इतके दिवस दिलेला आणि पाळलेला शब्द मोडताना, खेळातील विश्वास आणि कामातील विश्वास यांच्यामधली रेघ दोघींनाही स्पष्ट दिसत राहावी अशी माझी तळमळ आहे.

म्हणून विचारते : (१) हिवाळ्यातील तुकडी कोणती आणि कुठे उभारावी? (२) युती कधी मोडावी? (३) मोडण्यापूर्वी आणि मोडल्यानंतर मॅडमशी काय बोलावे?

प्रतिसाद

मांडणी स्पष्ट असल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी तुर्कस्तान अनेकदा खेळलो आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी अठरा केंद्रे मोजा. तुमची आठ. रोम, व्हेनिस व ट्युनिस मिळून अकरा. रुमानिया, बुडापेस्ट, व्हिएन्ना, सेवास्तोपोल, वॉर्सा व मॉस्को मिळून सतरा. पटाच्या आग्नेय अर्ध्या भागात एवढीच केंद्रे आहेत आणि उरलेली सतरा पलीकडे आहेत. पलीकडच्यांनी वेळेवर एकी केली तर मधली रेषा अशी घट्ट बांधता येते की तुम्ही कितीही तुकड्या आणल्या तरी ती फुटत नाही. म्हणून तुमचे अठरावे केंद्र मार्से, स्पेन, म्युनिक, बर्लिन किंवा सेंट पीटर्सबर्ग यांपैकीच एक असणार, आणि ते तुम्हाला शेवटी नव्हे तर मधल्या काळातच साधावे लागेल. फ्रान्सचा सल्ला त्यांच्या फायद्याचा आहे तो याच कारणाने. तुम्ही आज रशियावर उलटलात तर तुमची आरमारे इटलीजवळ अडकून पडतील आणि तोवर फ्रान्स पश्चिम भूमध्य समुद्र बंद करून टाकेल.

आता तुकडीविषयी. अंकाऱ्यात आरमार उभारलेत तर मॅडमना त्याच रात्री कळेल, कारण तिथल्या आरमाराला काळ्या समुद्राशिवाय दुसरे काम नसते. कॉन्स्टँटिनोपलचे आरमार दोन्हीकडे जाऊ शकते, म्हणून ते निम्मा संशय निर्माण करते. स्मर्न्यातील आरमार मात्र एजियन किंवा पूर्व भूमध्य समुद्राकडेच निघते. ते उभारा, आणि मॅडमना आपण होऊन सांगा की ते तिथेच का उभारले. तुम्हाला त्या आरमाराची पश्चिमेकडे खरोखरच गरज आहे, त्यामुळे यात खोटे काहीच नाही.

वसंतातील चाल : नेपल्सचे आरमार रोमवर घाला. ते आत शिरणार नाही, पण रोमची फौज व्हेनिसला जो सपोर्ट देत असेल तो तुटेल, आणि एड्रियाटिकच्या सपोर्टने ट्रिएस्टची फौज व्हेनिसमध्ये शिरेल. धोका एवढाच की ट्रिएस्ट रिकामे पडते आणि त्याला लागून व्हिएन्ना व बुडापेस्ट दोन्ही रशियाची आहेत. सर्बियाची फौज मागोमाग ट्रिएस्टकडे पाठवा. रशियाने व्हिएन्नाहून बुडापेस्टच्या सपोर्टने चाल केली तर मात्र ती तुम्हाला थोपवता येणार नाही.

म्हणून मॅडमना व्हिएन्नाची फौज बोहेमियात न्यायला सुचवा. बोहेमिया व सायलेशिया दोन्ही म्युनिकला लागून आहेत, त्यामुळे शरदात त्यांना सपोर्टसह म्युनिकवर चाल करता येते. त्यांच्या फायद्याचा असाच हा सल्ला आहे, आणि तो त्यांनी मानला की त्यांच्या दोन चांगल्या फौजा तुमच्यापासून दूर जर्मनीत गुंततात. नाही मानला आणि फौज व्हिएन्नातच राहिली, तर त्यांच्याही मनात तुमच्याविषयी काही शिजते आहे असे समजा.

युती शरदातच मोडा, वसंतात कदापि नाही. केंद्रांची मालकी शरदानंतर बदलते. वसंतात उलटलात तर समोरच्याला सावरायला एक अख्खी पाळी मिळते. शरदात केंद्रे घेतलीत तर हिवाळ्यात तुमच्या तुकड्या वाढतात आणि त्यांना असलेल्या काढाव्या लागतात. एका केंद्रासाठी मोडू नका. रुमानिया, बुडापेस्ट व सेवास्तोपोल यांपैकी किमान दोन एकदम हाती येणार असतील तरच मोडा. मला वाटते ती वेळ १९०७ च्या शरदात येईल. बॅकस्टॅबरवर सँडबॉक्स (एकट्याने चाली करून पाहण्याची सोय) आहे, त्यात दोन्ही बाजूंचे हुकूम स्वतः घालून प्रत्येक शक्यता तपासून पाहा.

प्रतिसाद

वरचा सल्ला पटावर अचूक आहे, पण इटलीविषयी माझे मत वेगळे आहे. तुमच्या मैत्रिणीला बाद करू नका. व्हेनिस घ्या, रोम नंतर घ्या, पण ट्युनिसचे आरमार तिच्याकडेच राहू द्या आणि त्याला पश्चिम भूमध्य समुद्रात पाठवा. स्मर्न्याचे तुमचे आरमार तिथे पोहोचायला फार वेळ लागेल, तिचे पुढच्याच पाळीत पोहोचते. मांडलिक म्हणून तिला जे कबूल कराल ते मात्र शेवटपर्यंत पाळा, कारण रशियाशी युती मोडल्यावर तुमच्या शब्दाला किंमत आहे हे दाखवणारी तीच एक साक्षीदार उरेल.

तिसऱ्या प्रश्नाविषयी थोडे. मेटा कंपनीच्या 'सिसेरो' या संगणक-प्रणालीने २०२२ मध्ये वेबडिप्लोमसी या संकेतस्थळावर माणसांबरोबर ४० डाव खेळले आणि एकाहून अधिक डाव खेळलेल्यांमध्ये ती वरच्या दहा टक्क्यांत आली. मला तिच्यातली घेण्यासारखी वाटते ती गोष्ट अशी की तिचे संदेश तिने आखलेल्या चालींना धरून लिहिण्यासाठी तिची रचना केलेली होती. ज्या पाळीत तुम्ही खरोखर सोबत आहात त्या पाळीत मॅडमना सविस्तर आणि खरे लिहा. ज्या शरदात मोडायचे ठरेल त्या दिवशी लांबलचक खोटे रचू नका. 'हुकूम दिले आहेत' एवढेच लिहिलेत तरी चालते. शेवटपर्यंत सोबत राहण्याचे वचन मात्र आजच देऊ नका. बरोबरीच्या प्रस्तावाला 'मी जिंकण्यासाठी खेळते आहे, पण आत्ता आपले हित एकच आहे' असे उत्तर द्या. हे वाक्य खरे आहे, आणि पुढे त्यांना ते आठवेल तेव्हा त्यांना फसवले गेल्यासारखे वाटणार नाही.

आणि एक पथ्य. कार्यालयातील कोणतीही गोष्ट, मग ती रजा असो, मुदत असो किंवा वार्षिक मूल्यमापन, बोलण्यांत कधीही आणू नका आणि दुसऱ्याने आणली तर तिथल्या तिथे थांबवा. डावाबाहेरचे देणेघेणे डावात आणणे जगभर या खेळात गैर मानतात. तुमच्या बाबतीत तर तीच तुम्हाला हवी असलेली रेघ आहे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. इतके बारकाईने कोणी लिहील अशी अपेक्षा नव्हती.

स्मर्न्यात आरमार उभारते. बोहेमियाची सूचना मी मॅडमना आज संध्याकाळीच संदेशातून करेन. इटलीशीही तेच ठरवते : व्हेनिस माझे, ट्युनिस तिचे, आणि तिचे आरमार वसंतातच पश्चिम भूमध्य समुद्राकडे. बरोबरीविषयी मॅडमना काय लिहायचे ते वाक्य मला फार पटले. त्यांनी युती तिथेच संपवली तरी मी ते लिहिणार आहे. आमची बोलणी फक्त बॅकस्टॅबरवरच व्हावीत, समोरासमोर नाहीत, असा प्रस्तावही मी सातही जणांपुढे ठेवते. कामाच्या वेळेत डावाचा विषय निघालाच नाही तर सगळ्यांनाच बरे.

एकच प्रश्न उरतो. फ्रान्सला काय उत्तर द्यावे? रशियावर उलटण्याबाबत ते रोज विचारतात आणि मी गप्प राहिले तर त्यांना संशय येईल.

प्रतिसाद

फ्रान्सला नाही म्हणू नका आणि होही म्हणू नका. त्यांच्याकडूनच पुरावा मागा. 'तुम्ही रशियाला रोखणार असाल तर वसंतात बरगंडीत फौज आणून म्युनिकला सपोर्ट द्या, म्हणजे मला विश्वास बसेल' असे लिहा. त्यांनी तसे केले तर त्यांची एक फौज भूमध्य समुद्रापासून दूर जाते आणि म्युनिकसाठी रशियाला जास्त तुकड्या खर्चाव्या लागतात. दोन्हीही तुमच्या पथ्यावर पडणारे आहे. नाही केले, तर त्यांचे रोजचे संदेश किती गंभीरपणे घ्यायचे ते तुम्हाला कळेल.