शेवटचं भोजन वल्हांडणाचं होतं का?

मोजपट्टी (धागाकर्ता):
प्रभू येशूला शुक्रवारी क्रूसावर दिलं, हे बहुतेक मंडळ्या मानतात. तारखेवर मात्र शुभवर्तमानांतच, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या येशूचरित्रांतच, फाटे फुटतात. यहूदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. वल्हांडण हा मिसर देशातून सुटकेचा यहूदी सण. त्यासाठी निसान या यहूदी महिन्याच्या 14 तारखेला दुपारी कोकरं कापायची आणि अंधार पडल्यावर, म्हणजे 15 तारीख लागल्यावर, ती खायची. मार्क सांगतो (14:12) की कोकरू कापायच्या दिवशी शिष्यांनी तयारी केली आणि संध्याकाळी येशू बारा जणांबरोबर जेवला, तेच शेवटचं भोजन. या हिशेबाने ते भोजन वल्हांडणाचं आणि क्रूस 15 ला. योहान सांगतो (18:28) की त्याला रोमन सुभेदार पिलाताकडे आणणारे सरकारवाड्यात शिरलेच नाहीत. विटाळ झाला असता तर वल्हांडणाचं भोजन करता आलं नसतं. म्हणजे भोजन अजून व्हायचं होतं आणि क्रूस 14 ला.

माझं मत स्पष्ट आहे: योहानाची तारीख खरी. आणि त्याचे पुरावे मार्कमध्येच पडलेत. ‘सणात नको, लोक खवळतील’ असं याजक ठरवतात (14:2), आणि मग ऐन सणाच्या रात्री सभा भरवून खटला चालवतात? अरिमथाईकर योसेफ त्याच संध्याकाळी तागाचं कापड विकत घेतो (15:46). सणाच्या दिवशी बाजार उघडा होता का? शिवाय मार्क भाकर आणि प्याला नीट सांगतो. भोजनाच्या वर्णनात कोकराचं मात्र नाव नाही.

ओसरी:
मोजपट्टी, जे लिहिलेलं नाही त्यावर इमला बांधू नका. लिहिलेलं पाहा. ‘दुःख भोगण्याआधी हे वल्हांडण तुमच्याबरोबर खावं अशी माझी फार इच्छा होती’ असं लूकमध्ये (22:15) प्रभू स्वतः म्हणतो. भोजन रात्री झालं, द्राक्षारस होता, शेवटी स्तोत्र गायलं. आदल्या रात्री ते बेथानीला होते, या रात्री मात्र जैतुनाच्या डोंगरापलीकडे गेले नाहीत, कारण वल्हांडणाची रात्र यरुशलेमच्या हद्दीत काढायची असते. योआकिम येरेमियास या जर्मन अभ्यासकाने अशा खुणांची यादीच दिली आहे.

योहानही वेगळं सांगत नाही. सण सात दिवसांचा, त्यात यज्ञाची आणखी जेवणं असतात. मोशेच्या नियमात बरेच विटाळ सूर्यास्तानंतर फिटतात. भोजन रात्रीचं असतं तर सकाळच्या विटाळाची एवढी धास्ती का? त्यांना काळजी होती ती दिवसाच्या जेवणाची. योहान म्हणतो तो (19:14) ‘तयारीचा दिवस’ म्हणजे शुक्रवार, हे मार्कही (15:42) सांगतो.

मोजपट्टी:
सूर्यास्ताचा मुद्दा दमदार आहे, पण तो साध्या विटाळाला लागू. प्रेताचा विटाळ सात दिवस राहतो (गणना 19:11). परराष्ट्रीयांची घरं अशुद्ध धरावीत असं मिश्ना या यहूदी नियमसंग्रहात आहे, आणि त्यामागे तिथे पुरलेल्या गर्भांची शंका होती. तसा विटाळ लागला असता तर रात्रीचं भोजन हुकलंच असतं.

योनाचा मासा:
तुम्ही दोघंही शुक्रवार गृहीत धरून भांडताय. मत्तय 12:40 वाचा: योना माशाच्या पोटात होता तसा मनुष्याचा पुत्र तीन दिवस आणि तीन रात्री. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार पहाट, यात तीन रात्री दाखवा! क्रूस बुधवारी झाला. दुसऱ्या दिवशीचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, ‘मोठा’ होता (योहान 19:31), म्हणजे सणाचा, शनिवारचा नव्हे. म्हणूनच मार्कमध्ये बायका शब्बाथानंतर देहाला लावायची सुगंधी द्रव्यं विकत घेतात, तर लूकमध्ये शब्बाथाआधी तयार करतात. मधे एक मोकळा दिवस धरला, म्हणजे शुक्रवार, की दोन्ही बसतं.

मोजपट्टी:
सुगंधी द्रव्यांचा धागा चलाख आहे, मान्य. पण रविवारी अम्माऊसच्या वाटेवर ते दोघं म्हणतात, ‘या गोष्टी होऊन आज तिसरा दिवस आहे’ (लूक 24:21). बुधवारपासून मोजा, पाचवा येतो. ‘तीन दिवस, रात्र आणि दिवस’ उपास करा असं एस्तेर राणी सांगते आणि तिसऱ्या दिवशीच राजापुढे उभी राहते. दिवसाचा तुकडा पूर्ण दिवस धरायची रीत होती.

चंद्रकोर:
दोन्ही बाजू खऱ्या असतील तर? 1957 साली अ‍ॅनी झोबेर या फ्रेंच अभ्यासिकेने मांडलं की येशूने कुमरानमधल्या (मृत समुद्राकाठच्या यहूदी पंथाच्या) 364 दिवसांच्या सौर पंचांगाने सण पाळला. त्या पंचांगात वल्हांडणाचं भोजन नेहमी मंगळवारी रात्री येतं. मंदिराचं पंचांग चंद्रावर चाले. म्हणजे भोजन मंगळवारी, क्रूस शुक्रवारी. महायाजक हन्ना आणि कयफा, पिलात, हेरोद राजा अशा खटल्याच्या सगळ्या फेऱ्या एका रात्रीत कोंबाव्या लागत नाहीत.

ओसरी:
आणि कोकरू कुणी कापलं? मार्क ‘कोकरू कापतात तो दिवस’ म्हणतो. कापणं मंदिरात, याजकांच्या पंचांगाने. मंदिराच्या पंचांगाबाबत मी मोजपट्टींच्या बाजूने. (हे वाक्य जपून ठेवा, पुन्हा मिळणार नाही.)

चंद्रकोर:
मग आकाशाला विचारा. पिलात यहूदियावर इसवी सन 26 ते 36 होता. त्या काळात 14 निसान शुक्रवारी येते अशी ठळक वर्षं दोन: 7 एप्रिल 30 आणि 3 एप्रिल 33. यातल्या दुसऱ्या तारखेला, 3 एप्रिल 33 च्या संध्याकाळी, यरुशलेमात चंद्र ग्रहण लागलेलाच उगवला. हम्फ्रीज आणि वॉडिंग्टन यांनी 1983 मध्ये त्याची सांगड येशूचा शिष्य पेत्र याच्या भाषणातल्या ‘चंद्र रक्तासारखा’ या शब्दांशी घातली.

ओसरी:
उगवला तेव्हा ग्रहण सुटत आलं होतं. आणि पेत्र योएल संदेष्ट्याचं वचन म्हणत होता, त्याच भाषणात सूर्यही काळवंडतो. तो अमावास्येशिवाय कसा काळवंडला, तेही पंचांगातून काढा.

साधा विश्वासी:
क्रूस 14 ला की 15 ला, याने तारणात काय फरक पडतो? उगाच कीस काढताय.

मोजपट्टी:
तारणात नाही, पण मंडळीच्या इतिहासात पडला. आशिया प्रांतातल्या (आजचं पश्चिम तुर्कस्तान) मंडळ्या 14 निसानला ईस्टरचा सण पाळत, वार कुठलाही असो. रोमची मंडळी रविवारी. दुसऱ्या शतकाच्या मध्याला आशियातल्या स्मुर्ण्याचे बिशप पॉलीकार्प रोमला जाऊन तिथले बिशप अनिसेतस यांच्याशी बोलले. कुणी कुणाचं मन वळवलं नाही, तरी सलोख्याने निरोप घेतला. पुढे 190 च्या सुमारास रोमचे बिशप व्हिक्टर आशियातल्या मंडळ्यांशी संबंधच तोडायला निघाले, तेव्हा लियोंचे बिशप इरेनियस यांनी त्यांना आवरलं. प्रभुभोजनाची भाकर खमिराची की बेखमीर, यावर पूर्व आणि पश्चिम 1054 च्या फुटीत भांडले. वल्हांडणाची भाकर बेखमीर असते, म्हणून त्या वादाचं मूळही याच प्रश्नात आहे.

ओसरी:
इतिहास छान, पण त्याने तुमची बाजू सरळ होत नाही. मार्क दिवस सांगतो. क्रूसाचा तिसरा तासही (सकाळी नऊ) सांगतो (15:25), जिथे योहान सहाव्या तासालाही (दुपारी बारा) येशूला पिलातापुढेच उभा ठेवतो (19:14). म्हणजे वेळ मार्कची की योहानाची, हाही प्रश्न आलाच. कोकरांच्या वेळेशी सगळं जुळवण्याचं कारण दोघांत योहानाकडेच जास्त आहे. ‘त्याचं हाड मोडणार नाही’ हे कोकराबद्दलचं वचन (19:36) तोच लिहितो. आता 14:12 चं काय करता ते सांगा. ‘मार्कने कथा आटोपशीर केली’ हे उत्तर चालणार नाही. कोकरू कापायचा दिवस त्याने आपणहून, कुणी न विचारता लिहिला आहे.